हा बाण तुझा नाही

पोखर्णी

प्रिय शिवा,

दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नपत्रिकांत चि. आणि चि. सौ. कां. टाइप करून बोटं आंबलीत, म्हणून तुला आज चि. नाही, सरळ प्रिय लिहिलंय. आशीर्वाद आहेतच, ते कुठं पळून जायलेत. हे पत्र कागदावर नाही, आपल्या कम्प्युटरवरच लिहायलेय. कागदावर लिहिलं असतं तर तुझ्या बाबांनी पोस्टात टाकतो म्हणून खिशात घातलं असतं आणि सदऱ्यासकट धुवून वाळत टाकलं असतं. आठवडाभर, दुकानात गिऱ्हाईक नसलं की, चार ओळी टाइप करते, कोणी आलं की त्यावर पत्रिका ओढते. आपल्याच दुकानात मला चोरासारखं बसावं लागायलंय, ते तुझ्यामुळं.

घरी सगळं ठीक आहे. तांबड्या शेळीला दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी, एक पण बोकड नाही, त्यामुळं तुझे बाबा लय खुशीत होते. आंब्याला यंदा मोहर बरा आला पण वाऱ्यानं अर्धा झाडला. लग्नसराई जोरात आहे. नरसिंहाच्या दर्शनाला येणारी माणसं जाता जाता दुकानात डोकावतात आणि पत्रिका दाखवा म्हणतात. नवरदेवाचा बाप पत्रिका वाचायला लागला की आधी स्वतःचं नाव शोधतो, मग भावकीतल्या कोणाचं नाव आपल्यापेक्षा मोठ्या अक्षरात आहे का ते बघतो. नवरीचं नाव चुकलं तरी चालतं बाई लोकांना, पण चुलत्याचं नाव बारीक झालं की मांडवात भांडणं.

तू पुण्याला नोकरीला गेलास आणि समोरच्या खोलीतलं हे दुकान माझ्या गळ्यात घालून गेलास. तुझ्या बाबांनी तर पहिल्याच दिवशी हात झटकले, आमी शेळ्या बघतो, तो उंदीर तुमी मायलेकरं सांभाळा म्हणाले. तू जायच्या आधी शिकवायलास तेव्हा किती बेजार केलं होतं त्या माऊसनं मला! सरकवता सरकवता टेबल संपायचं आणि मी तुला हाक मारायचे, आता कुठं जाऊ रे. उचल आणि परत मधी ठेव म्हणायचास. मी उचलून ठेवायचे आणि स्क्रीनवरचा बाण पण मागं गेला की काय म्हणून घाबरून बघायचे. भाकरी थापल्यासारखा तळवा दाबून धरायचे. मेणकापडावर तो घसरायचा, म्हणून दत्तरावाचं लग्न मोडल्यावर उरलेल्या पत्रिका मी त्याच्याखाली घातल्या. अजून त्याच आहेत. दत्तराव झेरॉक्सला आला की मी माऊस बरोबर त्याच्या नावावर आणून ठेवते, बिचाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून.

मग तू ती सोय करून दिलीस. पुण्यात बसून तुझ्या माऊसनं इथला बाण हलवायचा. दर रविवारी दुपारची जेवणं झाली की तुझा फोन यायचा आणि तू म्हणायचास, आई, हात काढ. मी हात मांडीवर घेऊन बसायचे आणि बाण आपोआप चालायला लागायचा. आठवडाभराच्या पत्रिका माझ्याकडून वेड्यावाकड्या झालेल्या असायच्या, त्या तू सरळ करायचास, मग मी त्या मानवतच्या छापखान्यात पाठवायचे. शेजारच्या बायनाबाईनं हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून अंगणात पळाली. कमल, घरात काहीतरी शिरलंय म्हणाली. मी म्हटलं, काही शिरलं नाही, माझा पोरगा आलाय.

खरं सांगते, मला ते पत्रिकांचं काम लय महत्त्वाचं नव्हतंच. बाण बघायचा असायचा. यायचा तो कोपऱ्यातून सरळ, कुठं न अडखळता. विचार करायचा असला की एका जागी गोल गोल फिरायचा, तू पाढे म्हणताना खांबाभोवती फिरायचास तसा. मी एखादं नाव तिरकं टाकलं असलं की त्या नावावर नुसता वर-खाली नाचायचा, मला चिडवायला. ओळ सरळ करायची तर एकदाच ओढायचा आणि सोडून द्यायचा, आणि ती बरोबर जागेवर बसायची. पडवीत पावलं वाजली की मला वर न बघता कळतं तुझे बाबा आले की बायनाबाई. तसा तुझा बाण मला कळतो. लाख बाणांत ओळखीन.

म्हणून सांगायलेय शिवा, संक्रांतीपासून जो बाण आपल्या स्क्रीनवर यायलाय, हा बाण तुझा नाही.

संक्रांत झाली आणि तू काही रविवार आलाच नाहीस. कामाचा लोड आहे म्हणालास. मग एका रविवारी फोन आला, आई, हात काढ. मी काढला. आणि बाण आला तो कसा, कडेकडेनं, चाचपडत. नवरदेवाच्या नावाकडं निघाला आणि पुढं जाऊन वधूपित्यावर आदळला. परत फिरला, परत चुकला. नाव उचलायचं तर डावं बटण दाबायचं हे मला शाळेतलं पोरगं पण सांगेल, आणि इथं उजवं बटण दाबलं जाऊन ती कॉपी-पेस्टची यादी टपकन उघडायली. ती मिटवली की परत तीच. मी फोनवर विचारलं, काय रे, काय झालं? तू म्हणालास, नेट स्लो आहे आई. नेट स्लो असलं की बाण थांबतो, मला काय माहीत नाही का? तो अडखळत नाही.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. एकदा शक आला की तो पोटात राहत नाही आणि डोक्यातून जात नाही. दूधवाला मुंजाजी मला बघितलं की आधीच माप भरून वर थोडं ओततो. मी ठरवूनच टाकलं, फोनवर आवाज आपल्या पोराचा आहे पण माऊसवर हात दुसऱ्याचा आहे. आईच्या कामाचा कंटाळा आला, कोणालातरी धरून बसवलं आणि आपण नुसतं बोलायलाय. कोणाला बसवलं असेल? मित्राला? का एखादी पोरगी आहे? पोरगी असती तर मला आनंदच झाला असता, पण चोरून का? तीन रात्री मला त्या पोरीचा चेहरा सुद्धा दिसायला, नाकात चमकी असलेली, आणि मी मनातल्या मनात तिच्याशी भांडले पण.

मग मी तुला पकडायचं ठरवलं. आठवतं, बाण चालायलेला असताना मी मधीच म्हटलं, शिवा, जरा उठून खिडकीतून बघ बरं, पुण्यात आभाळ आलंय का? तू म्हणालास, आत्ता कशाला? मी म्हटलं, बघ म्हणते ना. खुर्ची कुरकुरली, तुझी पावलं लांब गेली. मी डोळे फाडून स्क्रीनकडं बघायलेय. बाण जिथल्या तिथं मेल्यासारखा. तू येऊन बसलास, आभाळ नाही म्हणालास, आणि बाण परत चाचपडायला लागला. म्हणजे तोंड आणि हात एकाच माणसाचे. म्हणजे तूच. परका असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

मग दुसरा शक, तो तर तोंडानं बोलायला लाज वाटते. रविवारची दुपार, झोकांड्या खाणारा बाण. आपल्या पिंगळीच्या पाहुण्याचं काय झालं ते तुला माहीत आहेच. मी तुझ्या खोलीवर राहणाऱ्या सिद्धोधनला फोन लावला. म्हटलं, बाबा, खरं सांग, पोरगा पितो का? तो म्हणाला, काकू, तो सुपारीचं खांड पण तोंडात घालत नाही. हे त्यानं लगेच सांगितलं, न अडखळता, मला पटलं. पण मग म्हटलं, जरा त्याला व्हिडिओवर दे, तोंड तरी बघते. तर म्हणाला, अंघोळीला गेलाय. दुसऱ्या दिवशी लावला, अंघोळीला गेलाय. चार दिवसांनी भरदुपारी लावला, काकू, तो आत्ताच अंघोळीला गेला. अरे, कुंभमेळ्यात पण कोणी एवढी अंघोळ करत नाही! आणि तुझा स्वतःचा मोबाइल, त्याचा कॅमेरा बिघडलाय म्हणे. कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या मोबाइलचा कॅमेरा महिनोन् महिने बिघडलेला राहतो, हे तू दुसऱ्या कोणाच्या आईला सांग.

तुझ्या बाबांना बोलले तर ते माझ्यावरच उखडले. पोरगं राबायलंय तिकडं आणि तुला बाणात भुतं दिसायलीत म्हणाले. मी भांडी घासायला बसले. पण भांड्याला भांडं लागलं की आवाज येतोच. जयंतीला येणार का विचारलं तर सुट्टी नाही. ज्या पोरानं दहावीचा पेपर सोडून पालखीच्या मागं पळायचं बाकी ठेवलं होतं, त्याला नरसिंह जयंतीला सुट्टी नाही.

आणि मग ते गणपतीचं. बायनाबाईच्या नातीचं लग्न ठरलं, पत्रिका आपल्याकडंच. तू नेहमी काय करायचास, पत्रिका उघडली की आधी गणपती. वर मधोमध ठेवायचास, मगच बाकीच्या मजकुराला हात. त्या रविवारी तू सगळं केलंस. वेल काढली, मुहूर्त मोठा केलास, चुलत्यांची भांडणं मिटतील अशी नावं लावलीस, अडखळत का होईना पण केलंस. आणि शेवटी म्हणालास, आई, गणपती तू ठेव. मी म्हटलं, का रे? तू म्हणालास, तुला जमतंय आता. पुढच्या पत्रिकेला परत तेच, गणपती तू ठेव. नरसिंहाचा फोटो होता, तो पण तूच ठेव. मला वाटलं, पोराचा देवावरचा विश्वास उडाला. शहरात गेल्यावर होतं म्हणतात तसं. त्या दिवशी मी तुझ्यावर इतकी चिडले, की तुझ्या नावानं आणलेला प्रसाद मीच खाऊन टाकला.

मागल्या आठवड्यातल्या मंगळवारी मी मिरचीचा ठेचा करायलेले. उजवा हात मनगटापर्यंत मिरचीनं माखलेला. तेवढ्यात बायनाबाई दारात, कमल, नातीची पत्रिका एकदा दाव, व्याही आलेत, आत्ता जायलेत. धुवायला उठावं तर तिची एकच घाई. मी तशीच खुर्चीत बसले आणि डाव्या हातानं माऊस धरला. शिवा, बाण असा गेला! नवरदेवाकडं निघाला आणि वधूपित्यावर आदळला. पहिलं बोट आपोआप उजव्या बटणावर पडलं आणि ती यादी टपकन उघडली. मिटवली, परत उघडली. बायनाबाई हसायली, म्हणाली, अगं, तुझा बाण पण पोरासारखाच झाला की. तिला काय, ती सहज बोलून गेली. मी माऊसवरचा माझा डावा हात बघतच राहिले. तरी मला वाटलं, उगीच असेल. गणपती जरा कडेला सरकला होता, तो मधी घ्यावा म्हणून मी बाण तिकडं नेला. आणि माझा हात थांबला. डावा हात ना. देवाला डावा हात कसा लावायचा? कोणी सांगितलं नव्हतं, चित्रच होतं ते, काचेच्या आतलं, तरी हात आपोआप मागं आला.

मी पदरानं डोळे टिपले. बायनाबाई विचारायली, कमल, काय झालं, मिरची डोळ्यात गेली का? मी म्हटलं, हो, मिरचीच गेली.

तरी मन मानेना. आई आहे मी तुझी, मला खात्री करायची नव्हती, खोटं ठरायचं होतं. म्हणून मागच्या रविवारी मी मुद्दाम एक पत्रिका केली. गणपती मोठा केला आणि नवरीच्या नावावरच आणून ठेवला, अर्धं नाव त्याच्याखाली झाकलेलं. काहीही करायचं तर आधी गणपती हलवावा लागणार. आणि तुझा फोन आला तेव्हा म्हटलं, मी शेळ्यांना पाणी दाखवून येते, तू तुझं कर. फोन ठेवला आणि कुठं न जाता इथंच बसले, हात मांडीवर घेऊन.

बाण आला. गणपतीपाशी आला आणि थांबला. लय वेळ थांबला. मग त्याच्या भोवती एक चक्कर मारली, हळूच. मला वाटलं आता उचलेल, देवा, उचलू दे, माझा शक खोटा निघू दे, मी नारळ फोडीन. बाण मागं गेला. आणि मग तू काय केलंस? नवरीचं नाव खाली घेतलंस. मग नवरदेवाचं. मग मुहूर्त, मग मंडप, मग आपले नम्र, आणि खालची पोरांची किलबिल. अख्खी पत्रिका एक एक ओळ करून खाली ओढलीस, अडखळत, चुकत, यादी मिटवत, पण गणपतीला बोट लावलं नाहीस. मी तोंडात पदर कोंबून रडले. तिकडं तुला ऐकू जाणार नव्हतं, तरी कोंबला.

संध्याकाळी तुझ्या बाबांना सांगितलं. ते पिल्लांना पाला घालायलेले. या वेळी चिडले नाहीत. कोणता हात, एवढंच विचारलं. मी म्हटलं, उजवा. ते पाला हातात धरून तसेच उभे राहिले, पिल्लं त्यांच्या हाताला ढुशा द्यायली तरी त्यांना भान नव्हतं. मग म्हणाले, आमी उगीच तुला येडी समजायलो होतो.

शिवा, मोडलाय का रे हात? का लुळा पडलाय? गाडीवरून पडलास का? दवाखान्यात कोण होतं तुझ्यापाशी, कोणी पाणी पाजलं? डाव्या हातानं जेवताना तुला कसं वाटत असेल, हे मनात येतं आणि माझा घास तोंडातच फिरतो. एक विचार येतो, तो मी लिहिणार नव्हते, पण लिहिते, म्हणजे डोक्यातून जाईल. हात आहे ना रे? नुसतं आहे म्हण. त्याला किती चालतं, किती नाही, ते आपण बघू. आणि तू आमच्यापासून लपवलंस ते आमचा जीव घाबरा होऊ नये म्हणून, एवढं मला कळतं, त्यासाठी मला दहावी पास व्हायची गरज नव्हती. पण पोरा, आईबापाचा जीव हा घाबरायलाच असतो, त्याचा दुसरा काय उपयोग आहे? देवाचं म्हणशील तर दोन्ही हात त्यानंच दिलेत. यापुढं खुशाल डाव्या हातानं त्याला उचल, काय व्हायचं ते पाप माझ्या माथी.

आता हे पत्र कशाला लिहिलं ते सांगते. आज शनिवार, तू वाचशील तेव्हा रविवारची दुपार असेल. फोनवर विचारलं असतं तर तू हसून काहीतरी सांगितलं असतंस, आणि मी तुझं हसणं ऐकून गप बसले असते, म्हणून विचारलं नाही. कम्प्युटर झोपवून ठेवलाय, उद्या दुपारी त्याला उठवायचं बटण बायनाबाईला दाखवलंय. तू इथं येशील तेव्हा पत्रिकेऐवजी हे पत्र उघडं दिसेल. हात काढ म्हणून तू फोन केलास तेव्हा मी मोबाइलवर काढला म्हटलं असेल, पण काढायला खुर्चीत कोणी नाही. शेळ्या मुंजाजीच्या दावणीला बांधल्यात. तुझे बाबा आयुष्यात कधी शेळ्या टाकून परभणीच्या पुढं गेले नाहीत, ते मघापासून नवा सदरा घालून पिशवी धरून दारात उभे आहेत आणि मला आवर म्हणायलेत. आम्ही आज पुण्याच्या गाडीत बसायलोत. सिद्धोधनला तू शपथ घातली आहेस, ती मी मोडायला लावली नाही, नुसता खोलीचा पत्ता विचारला. तो फोनवर रडला आणि म्हणाला, या काकू. तर तू वाचत वाचत इथपर्यंत आलास ना, तर आम्ही दोघं तुझ्या दाराबाहेर उभे आहोत. बेल वाजवणार नाही, तुझं वाचून होऊ दे. झालं की उठ, आणि ज्या हातानं जमेल त्या हातानं दार उघड.

तुझीच,
दाराबाहेर थांबलेली
आई